हलकी अलॉय आणि खारा वारा: फिनिश ठरलं, रंगही ठरला

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: गाडीच्या अलॉय चाकांवर नवं कोटिंग करून घेतोय. गाडी पांढरी स्विफ्ट, मुक्काम रत्नागिरी. चाकं सेकंडहँड, १५ इंची, ७ जे (रिम ७ इंच रुंद), फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर रिम फिरवत दाबून पातळ केलेली), पीसीडी ४ बाय १०० (चार बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर). टायर काढून वजनकाट्यावर ठेवलं तर एक चाक साडेपाच किलोच्या आत भरतं, त्यामुळे ती सोडायचा प्रश्नच नव्हता. दर्शनी भाग डायमंड कट, मधल्या खाचा गनमेटल (गडद राखाडी). घेतली तेव्हा दुरून झकास दिसत होती.

जवळून बघितलं की लॅकरच्या खाली पांढरट, नागमोडी रेघा. एका बारीक टवक्यापासून निघून त्या स्पोकभर पसरल्यात, वाळवीची वाट भिंतीवर चढते तशा. नखाने खरवडलं तर वरचा लॅकर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली पांढरी पूड. हा फिलिफॉर्म गंज. डायमंड कटमध्ये लेथवर तासलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लॅकर असतो, खाली प्रायमर नाही. खडी लागून एक टवका उडाला की मीठ आणि दमट हवा आत शिरते, आणि आपल्याकडे या दोन्हींची ददात नाही. पुण्यातल्या माणसाची तीच चाकं वर्षानुवर्षं चकचकीत राहतात, आरे-वारेच्या किनारी रस्त्यावर रोज फिरणाऱ्याची राहत नाहीत.

पुन्हा लेथवर लावून नवं डायमंड कट करता येतं. पण दर वेळी थोडा धातू जातो, आणि हलक्या चाकात मुळातच जादा धातू ठेवलेला नसतो. माझ्या लेखी तो पर्याय तिथेच संपला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने डायमंड कट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी एक पावसाळा थांबावं.

म्हणून रंगाच्या आधी फिनिश, म्हणजे चकाकी किती ठेवायची ते. भंगारातून एक तडकलेलं अलॉय आणलं, ग्राइंडरने त्याचे स्पोक कापले, आणि वेगवेगळ्या फिनिशमध्ये पावडर कोट (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत पिकवणं) करून घेतले. एक स्पोक मूळ डायमंड कटच ठेवला. प्रत्येकावर किल्लीने धातूपर्यंत ओरखडा मारून सगळे गच्चीच्या कठड्याला, भाट्याच्या, म्हणजे समुद्राच्या बाजूला टांगले. आगोटीच्या आधी टांगलेले दिवाळीच्या सुमारास उतरवले.

मॅट काळा गेल्या वर्षभर माझ्या डोक्यात बसला होता, तो या गच्चीवर मेला. मॅटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यात जांभ्याची लाल धूळ अडकते, वर मिठाचे पांढरे डाग. कापडाने घासून काढायला जावं तर घासलेल्या जागी चकाकी येते, आणि पॉलिश करून ती सारखी करायची सोय नाही. ग्लॉस काळा धुवायला सोपा, पण धुळीचे केसाएवढे ओरखडे उन्हात लगेच दिसतात. सॅटिन मधलं: बोटाला गुळगुळीत लागतं, पाणी मारलं की माती निघते आणि ओरखडा डोळ्यात भरत नाही. वर क्लिअरचा (पारदर्शक कोटिंगचा) थर दिलेल्या सॅटिनच्या तुकड्यावर किल्लीच्या रेघेत पांढरी पूड आली होती, पण ती रेघेतच थांबली, कोटिंगखाली पसरली नाही. उघड्या डायमंड कटच्या तुकड्यावर ओरखड्याभोवती वर सांगितलेली नक्षी सुरू झालीच होती.

रंगात चुरस गनमेटल आणि ब्राँझची. ब्राँझ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रेज या जपानी कंपनीचं टीई३७ येतं. १९९६ मध्ये आलेलं हे फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) चाक. नावातले ३७ म्हणजे १५ इंची ६ जे चाकाचं ३.७ किलो वजन. (आपण साडेपाच किलोत खूश आहोत, असो.) सोनेरीकडे झुकणारा ब्राँझ निळ्या सुबारूला शोभतो, पांढऱ्या स्विफ्टवर भडक वाटला. गनमेटलवर लाल धूळ बसली की चाक गंजल्यासारखं दिसतं. गडद, तपकिरी छटेचा ब्राँझ मात्र धूळ आणि ब्रेक डस्ट दोन्ही पचवतो. नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नुसता चॉकलेटी दिसतो, त्यावर जाऊ नका. बाहेर उन्हात धरून तिरका केला की आतले मेटॅलिक कण उठतात.

शेजारच्या काकांनी नमुना हातात घेऊन उलटसुलट बघितला. “एवढे पैसे घालून चाकाला मातीचाच रंग देणार? मग धुऊ नको फक्त, आपोआप होईल.” रंगाची निवड बरोबर असल्याची मला यापेक्षा मोठी पावती नको.

आता कोटिंग कुठे. इथे ग्रिल-गेट करणाऱ्याकडे विचारलं. माणूस चांगला, पण जुना रंग कॉस्टिकच्या टाकीत काढतो आणि प्रायमर झिंकचा वापरतो. लोखंडाला दोन्ही ठीक. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतं आणि झिंक प्रायमरचा त्याला उपयोग नाही. म्हणून आंबा घाट चढून कोल्हापूर. तिथे फाउंड्र्यांमुळे कास्टिंगची जाण असलेली माणसं भेटतात.

त्यांच्याशी ठरलेलं असं: रंग केमिकल स्ट्रिपरने काढायचा, मग हलकं ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा), ॲल्युमिनियमसाठीचं कन्व्हर्जन कोटिंग (रंग धरून राहावा म्हणून रसायनाने दिलेला पातळ थर). पावडरच्या आधी चाक एकदा रिकामं भाजायचं, म्हणजे कास्टिंगच्या छिद्रांतली हवा आधीच निघते आणि नंतर फोड येत नाहीत. मग इपॉक्सी प्रायमर, ब्राँझ, वर सॅटिन क्लिअर. इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडतं, त्यामुळे ते खालीच. पावडर साधारण १८० ते २०० अंशांना पिकते, आणि या मिश्रधातूची ताकद ज्या एजिंगने (ठरावीक वेळ तापवून ठेवण्याने) येते ते त्याहून कमी तापमानाला, १५०-१६० च्या आसपास होतं. म्हणजे भट्टीत जास्त वेळ राहिलं तर धातू मऊ पडू शकतो. म्हणून पहिले दोन थर अर्धवटच भाजायचे, पूर्ण क्युअर शेवटी एकदाच, आणि तेही कमी तापमानाच्या पावडरने. तीन थरांचं वजन ढोबळ हिशेबाने चाकामागे दोनशे ग्रॅम. टोचतं, पण चालेल.

हबला टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका मास्क करायच्या, यावर मी अडून बसलो. तिथे कोटिंग राहिलं की ते दाबलं जातं आणि नट सैल होतात. चारही चाकं एकाच लॉटमध्ये, कारण मेटॅलिकची छटा लॉटगणिक बदलते.

चाकं परवा पोचवली. बसवल्यावर हबवर अँटी-सीझचा (जोड चिकटू न देणाऱ्या ग्रीसचा) अगदी पातळ हात फिरवणार, नाहीतर खाऱ्या हवेत अलॉय लोखंडी हबला असं चिकटतं की पंक्चरच्या वेळी लाथा घालाव्या लागतात. नट बंद टोकाचे घेतलेत, काळे. सेंटर कॅप मात्र जुन्याच सिल्व्हर आहेत, त्या ब्राँझवर विचित्र दिसणार. काळ्या कराव्यात की कॅपच काढून टाकाव्यात? कॅपशिवाय हबचा नट गंजून लाल होतो, म्हणून माझा कल काळ्याकडे. कोणी काढून चालवत असेल तर फोटो टाका.