बाबांचा रुसवा

बाबांच्या डोक्याला खोबरेल लागलं नाही असा दिवस मला आठवत नाही. त्यामुळे ईईजीच्या, म्हणजे मेंदूचे विजेचे सिग्नल टिपणाऱ्या तपासणीच्या, आदल्या रात्री ‘केस शाम्पूने धुवायचे, तेल अजिबात नाही’ हे त्यांना कसं सांगायचं, याचंच मला टेन्शन आलं होतं.

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, लेथ मशीनवर. जूनमध्ये त्यांना स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून डावा हात आणि पाय गेला. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी एक हिशोब समजावला होता. स्ट्रोक किती मोठा, मोठ्या रक्तवाहिनीत चरबी साचून झालाय का, पहिल्या 7 दिवसांत फिट आली का, मेंदूच्या वरच्या थराला धक्का बसलाय का, मधल्या धमनीचा भाग आहे का. याचे 9 पैकी गुण मांडतात, सिलेक्ट स्कोअर म्हणतात त्याला. गुण जास्त तितका पुढे फिट येण्याचा धोका जास्त. “फिट आलेली नसताना आधीच गोळ्या सहसा देत नाही. लक्ष ठेवा.” मी मान डोलावली. डोळे बिलाच्या काउंटरकडे.

लक्ष कशावर ठेवायचं, हे विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यात फिट म्हणजे तोंडाला फेस, हातापायांना झटके आणि कांदा फोडून नाकाशी धरणारे शेजारी. (धरू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका.) बाबांचं तसलं काही नव्हतं. ते नुसते गप्प व्हायचे. बशी ओठांपाशी थांबलेली, नजर खिडकीबाहेर, डाव्या ओठाचा कोपरा बारीक उडतोय. मिनिटभर. हाक मारली तर ओ नाही. आई म्हणायची, “रुसलेत. फिजिओवाला यायचा असला की असंच.” मला पटायचं. रुसण्यात आमचे बाबा पहिल्यापासून पटाईत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी असंच झालं आणि जरा उचलायला लागलेला डावा हात पुन्हा मांडीवर पडला. दुसरा स्ट्रोक! तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात मी काय काय बोलले देवाला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत हात हलायला लागला होता. स्कॅनमध्ये नवं काही नाही. फिट येऊन गेल्यावर हात असा काही वेळ गळून पडू शकतो, असं तिथे कळलं.

मग ईईजी. टेक्निशियनने टेप घेतली, नाकाच्या वरच्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेतलं आणि त्याच्या 10 आणि 20 टक्क्यांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. बाबा खूश. इतक्या दिवसांनी कोणीतरी नीट मोजमाप करत होतं. “टॉलरन्स किती धरता?” त्यांनी विचारलं, म्हणजे मापात किती फरक चालतो. “काका, तुमच्या लेथएवढा नाही.” प्रत्येक खुणेवर पेस्ट, पेस्टमध्ये वायर. मेंदूचे सिग्नल काही मायक्रोव्होल्टचे, मध्ये तेलाचा थर आला की घोळ. तेलाचं कोडं सुटलं.

अर्ध्या तासाच्या त्या ईईजीत फिट सापडली नाही, फक्त उजवीकडच्या लाटा मंद होत्या. त्या अर्ध्या तासात आली नाही म्हणजे येतच नाही असं नाही, म्हणून 24 तासांचा व्हिडिओ ईईजी.

तो व्हिडिओ डॉक्टरांनी मला दाखवला. मी खुर्चीत बसून मोसंबं सोलतेय, सोसायटीच्या पाण्याच्या भांडणाबद्दल बोलतेय. बाबा भिंतीकडे बघतायत. स्क्रीनच्या दुसऱ्या अर्ध्या भागात उजवीकडच्या रेघा टोकदार होत जातात, दाट होतात, शेजारच्या रेघांत पसरतात. 50 सेकंद. मी बोलतेच आहे. एक फोड त्यांच्या हातावर ठेवते, ती खाली पडते, मी म्हणते, “नको तर नको.”

24 तासांत अशा चार. दोन झोपेत.

स्ट्रोकला आठवडा उलटल्यावर अशी एक फिट आली तरी एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार, धरून औषध सुरू करतात, कारण पुढच्या 10 वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या वर असते. बाबांना लेव्हेटिरॅसिटाम, सकाळ-संध्याकाळ. या गोळीने चिडचिड वाढू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं.

पेस्ट निघायला तीन अंघोळी लागल्या. चौथ्या दिवशी तेल.

आई आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली, बाबा गप्प झाले की ‘ग’ लिहिते आणि पुढे वेळ. या महिन्यात एकच ‘ग’ आहे. तोही आईने खोडलाय. म्हणे तो खरा रुसवा होता, भाजीत दोडका होता.