जनावरांच्या लशी वेळेवर, स्वतःची मात्र राहून जाते

लाळ्या-खुरकुताची लस आठवडाभर लांबली तरी अस्वस्थ होणारा पशुपालक स्वतःच्या हंगामी फ्लूच्या लशीचा विषय निघाला की तो सहज टाळतो, ही विसंगती मला अनेक वर्षे विचारात पाडत आली आहे. लशीवर त्याचा विश्वासच नाही असेही म्हणता येत नाही, कारण कळपातील एकेका जनावराच्या लसीकरणाची नोंद तोच काटेकोरपणे ठेवत असतो.

त्याची कारणे साधारणपणे ठरलेली असतात. ‘मला फ्लू होतच नाही’, ‘लस घेतली की ताप येतो’, ‘दरवर्षी काय टोचून घ्यायचे?’ टोचण्याच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित दिवसभर कणकण राहते, इतकेच. विषाणू मात्र सतत बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये लशीतील घटकांची शिफारस नव्याने करते. लस आणि पसरलेला विषाणू यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षीही डॉक्टरकडे जावे लागेल अशा आजाराचा धोका सुमारे ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो, हेही पशुपालकाला स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे. जनावरांच्या लशींच्या मर्यादा त्याला अनुभवाने ठाऊक असतात. अर्धवट माहिती दिलेली त्याच्या लगेच लक्षात येते.

परंतु त्याला क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे. फ्लू माणसाकडून डुकरांकडेही जातो. २००९ मध्ये जगभर पसरलेला एच१एन१ विषाणू त्यानंतर अनेक देशांत माणसांकडून वराहपालनाच्या कळपांत वारंवार शिरल्याचे आढळले आहे. डुकराच्या श्वसनमार्गात माणसांच्या आणि पक्ष्यांच्या अशा दोन्ही प्रकारच्या फ्लू विषाणूंना शिरकाव करता येतो, आणि इन्फ्लुएन्झा ‘ए’ या प्रकारच्या फ्लू विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असल्यामुळे दोन विषाणू एकाच पेशीत आले तर त्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. २००९ च्या विषाणूतही डुकरे, पक्षी आणि माणसे या तिन्हींकडून आलेली जनुके होती. ही अदलाबदल माणसाच्या शरीरातही होऊ शकते, म्हणून पशुपालकाने लस घेतली तर तो स्वतःला जपतोच, शिवाय कळपालाही जपतो.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळल्यानंतर गोठ्यातील कामगारांना हंगामी लस घेण्याचा आग्रह होऊ लागला, तो याच कारणासाठी. ती लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही, आणि तसा समज करून देणे घातक ठरेल, कारण मग हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी मागे पडतात. हंगामी आणि बर्ड फ्लूचे विषाणू एकाच वेळी एका माणसाच्या शरीरात येण्याची शक्यता मात्र ती कमी करते. प्रत्यक्ष एच५ विषाणूंविरुद्धची लस फिनलंडने २०२४ मध्ये कुक्कुटपालन आणि फर-प्राण्यांच्या शेतांवरील कामगारांसारख्या जोखमीच्या गटांना देऊ केली.

हे सर्व पशुवैद्याने सांगावे, असे मला मनापासून वाटते. त्याचा शब्द गोठ्यात मानला जातो, आणि कळपाच्या हिताची भाषा त्याच्या तोंडी स्वाभाविक वाटते. शिवाय पहाटेचे आणि संध्याकाळचे दूध काढणे कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही, त्यामुळे लसीकरणही त्या दोन वेळांच्या मध्ये, शक्यतो गोठ्याजवळ व्हायला हवे. संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून हे काम फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच उरकावे. आणि लस घेतलेली असली तरी ताप-खोकला असलेल्या माणसाने बरे होईपर्यंत डुकरांजवळ जाऊ नये.