सोसायट्यांचे हिशेब आणि शनिवारचे दोन तास

डोंबिवलीत गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिण्याचे काम मी २०११ पासून करते. देखभालीची बिले काढणे, बँकेचा मेळ घालणे, थकबाकीची यादी अद्ययावत ठेवणे आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षकांच्या हाती ताळेबंद देणे, असे त्याचे स्वरूप आहे. पहिली काही वर्षे एका सचिवांनी दुसऱ्या सचिवांना सांगितले आणि कामे येत गेली. त्यामुळे काम चोख असले की नवीन ग्राहक शोधावे लागत नाहीत, अशी माझी पक्की समजूत झाली. मग एका वर्षात चौदांपैकी पाच सोसायट्या सुटल्या. दोन पुनर्विकासाला गेल्या, दोन ठिकाणी समिती बदलून नव्या खजिनदारांनी आपल्या ओळखीचा माणूस आणला आणि एकीने बिलांसाठी मोबाइल ॲप घेतले. पाचांपैकी एकाही समितीची माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते याच गोष्टीने.

समितीची मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे आपण कितीही नीट काम केले तरी दर वर्षी काही दारे बंद होणारच. आमच्या व्यवसायात दुसरी अडचण वेळेची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. या सहा महिन्यांत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून नवे काम शोधायला मी नोव्हेंबरात बाहेर पडत असे. पण हिशेब रखडल्याची झळ समितीला बसते ती नेमकी जुलै ते सप्टेंबरात. दिवाळीनंतर त्यांची सभा कशीबशी पार पडलेली असते आणि विषय पुढच्या वर्षावर गेलेला असतो.

म्हणून मी शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ वर्षभर बाजूला काढला, अगदी जुलैतही. याच वेळी बहुतेक सोसायट्यांची कार्यालये उघडी असतात. एका वहीत प्रत्येक इमारतीसाठी एक पान आहे: समितीची मुदत कधी संपते, लेखापरीक्षक कोण आहेत, मागची सभा वेळेत झाली का आणि पुन्हा कधी भेटायचे. बहुतेक ठिकाणी ‘सध्या आमच्याकडे आहे कोणीतरी’ एवढेच उत्तर मिळते. तेव्हा वाद न घालता मी पुढची तारीख लिहून घेते.

माहितीपत्रक वाटून मला एकही काम मिळालेले नाही. संवाद सुरू होतो तो थकबाकीवरील व्याजातून. उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, ते ठरलेल्या मर्यादेपर्यंत आणि सरळव्याजानेच आकारता येते, पण अनेक बिलांत व्याजावर व्याज चढत गेलेले असते आणि त्यावरून सभेत भांडणे होतात. मी खजिनदारांना एका जुन्या थकबाकीदाराचा खातेउतारा मागते, तो दुरुस्त करून एका कागदावर मांडते आणि समजावून देते. एका सदनिकेचे हे काम विनामूल्य. दुसऱ्यापासून पैसे घेते, कारण फुकट केलेल्या जादा कामाची किंमत समितीला पुढेही कळत नाही, असा माझा अनुभव आहे. जीएसटीवरूनही असाच संवाद सुरू होतो. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तरी सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर तिच्यावर कर लागत नाही, एवढे शांतपणे सांगितले तरी समोरच्यांची धास्ती कमी होते.

सर्वांत भरवशाची शिफारस मात्र लेखापरीक्षकांची असते, कारण अपुऱ्या हिशेबांचा त्रास त्यांनाच सर्वाधिक होतो. त्यांना ताळेबंदासोबत पावत्या क्रमाने लावून देण्याचे कष्ट मी आनंदाने घेते. सचिवांकडे शब्द टाकण्याची माझी वेळही ठरलेली आहे: हिशेब हरकतीविना मंजूर झाल्यावर दोन-तीन दिवसांत. ‘कोणी असेल तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या ओळखीत सभा लांबलेली एखादी सोसायटी आहे का?’ असे विचारले की त्यांना लगेच नाव आठवते.

येत्या शनिवारी अठ्ठेचाळीस सदनिकांच्या एका सोसायटीत जायचे आहे. तिथल्या खजिनदारांनी दोन वर्षांपूर्वी ‘निवडणूक झाल्यावर या’ असे सांगितले होते, आणि वहीत लिहिलेली ती तारीख आता आली आहे.