बेससाठी वायरलेस: लॉन्सच्या स्टेजवर काय टिकतं

पेडलबोर्डच्या (पायाशी ठेवायच्या इफेक्टच्या डब्यांच्या पाटीच्या) पॉवर सप्लायचं काम मागच्या नोंदीत मार्गी लागलं. आता वायरलेस, म्हणजे बेस गिटारपासून अँपपर्यंतची केबल काढून तिच्या जागी रेडिओवर चालणारी ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी. नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि तुळशीच्या लग्नानंतर नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवरचे कार्यक्रम अशी रांग लागायच्या आत सिस्टीम ठरवायची आहे. निर्णय जवळजवळ झालाय. तो कसा झाला ते सविस्तर लिहितो, कारण खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, म्हणजे किती मीटर रेंज, त्याचा माझ्या निर्णयाशी फारच कमी संबंध आला.

आधी हेतू सांगतो. मला स्टेजभर फिरायचं नाही. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी उभं राहून वाजवण्यात जो आनंद आहे तो मला पुरतो. वायरलेस हवंय ते खराब अर्थिंगपासून वाचण्यासाठी. मी वाजवता वाजवता कोरसही गातो. हात तारांवर आणि ओठ माईकच्या जाळीला लागले की झिणझिण्या येतात, हे मांडवात वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एका लॉन्सवर साऊंडचेकच्या वेळी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवला, एक प्रोब माईकच्या जाळीला आणि दुसरा बेसच्या ब्रिजला, म्हणजे तारा अडकवलेल्या धातूच्या पट्टीला, टेकवला. आकडा शंभराच्या आसपास हलत होता.

हा आकडा कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. अॅडॅप्टर, कीबोर्ड, मिक्सर यांच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून चेसिसकडे (धातूच्या पेटीकडे) जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ नीट जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. एक्स्टेन्शन बोर्डची तिसरी पिनच कुठे पोचत नसेल, तर चेसिस अधांतरी राहतं आणि २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच बोर्डात फेजची सुटलेली वायर चेसिसला टेकली, तर तेच ओठ आणि तेच हात जिवावर बेततात. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलंडच्या कार्यक्रमात ‘किस’ या अमेरिकन रॉक बँडचा गिटारिस्ट एस फ्रेली स्टेजच्या लोखंडी कठड्याला हात लागून असाच शॉक बसून पडला, आणि त्यानंतर त्या बँडने केन शॅफर याने बनवलेली वायरलेस सिस्टीम घेतली. म्हणजे वायरलेस ही नुसती मिरवायची गोष्ट कधीच नव्हती.

वायरलेस लावलं की बेस आणि अँप यांच्यात तांब्याची वायर उरत नाही. अँपचं चेसिस कितीही तरंगत असो, माझे हात त्यापासून सुटे. बाकीच्यांचा धोका मात्र तसाच राहतो. वायरचा माईक धरून कीबोर्डला हात लावणाऱ्या ताईंना वायरलेस बेसचा काही उपयोग नाही. त्यामुळे अर्थिंग तपासा, हे साऊंडवाल्यांना सांगणं मी सोडलेलं नाही आणि तुम्हीही सोडू नका.

आता फ्रिक्वेन्सी बँड. मित्राकडून २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल, म्हणजे जॅकमध्ये खोचायची छोटी वायरलेस जोडी, आणून पाहिलं. इंदिरानगरच्या रिहर्सल रूमवर एकदम स्वच्छ. लॉन्सवर साऊंडचेकलाही ठीक. पाहुणे जमले आणि दुसऱ्याच गाण्यात आवाज तुटायला लागला, लांबवलेल्या नोटमध्ये मधूनच कात्री चालवल्यासारखा. दोष गर्दीच्या मोबाईलवर ढकलणं सोपं होतं, पण खरं कारण स्टेजवरच होतं. हल्ली मिक्सिंग टॅबलेटवरून होतं आणि त्या डिजिटल मिक्सरचा वाय-फाय राउटर स्टेजबॉक्सवरच (स्टेजवर केबल जोडायच्या पेटीवरच) ठेवलेला असतो, माझ्या रिसीव्हरपासून दोन हातांवर.

ब्रेकमध्ये विचारलं, “दादा, राउटर कुठल्या चॅनलवर आहे?”

“ऑटोवर आहे भाऊ. का बरं?”

ऑटो म्हणजे गर्दी वाढली की राउटर स्वतःच जागा बदलू शकतो, आणि बदलून नेमका आपल्या डोक्यावर येऊन बसू शकतो. २.४ चा पूर्ण पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, एवढाच. त्यात वाय-फायचे एकमेकांना न चिकटणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एकेक वीस-बावीस मेगाहर्ट्झ खातो. दादांनी राउटर चॅनल १ वर पक्का केला, मी डोंगल पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या चॅनलवर नेलं, राउटर पलीकडच्या कोपऱ्यात सरकवला, आणि उरलेला कार्यक्रम एकसंध वाजला. डोंगल तेच, जागाही तीच.

मग ५.८ गिगाहर्ट्झ घ्यावं का? गर्दी कमी असते, हे खरं. पण साऊंडवाल्यांना नुसतं “राउटर ५ वर टाका” (म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर) म्हणालात, तर तो चॅनल १४९ ते १६५ मध्ये बसू शकतो आणि ते चॅनल बरोबर ५.८ च्या पट्ट्यातच आहेत. तुमचं डोंगल ५.८ चं असेल तर राउटर चॅनल ३६ वर ठेवायला सांगा, म्हणजे तो ५१८० मेगाहर्ट्झवर, लांब राहतो. डोंगल २.४ चं असेल तर राउटर ५ वर कुठेही चालेल. या दोन्ही पट्ट्यांना कमी पॉवरसाठी आपल्याकडे लायसन्स लागत नाही. यूएचएफ (याहून खालच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मी बाजूला ठेवलं, कारण साऊंडवाल्यांचे हातातले माईक बहुधा तिथेच असतात आणि दर कार्यक्रमाला त्यांच्याशी फ्रिक्वेन्सी जुळवत बसणं मला जमणारं नाही.

रिसीव्हर कुठे ठेवायचा, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. २.४ ची लहर पाण्यात शोषली जाते आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. ट्रान्समीटर पाठीवर पट्ट्याला आणि रिसीव्हर समोरच्या पेडलबोर्डवर असेल, तर मध्ये आपण स्वतः उभे. कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त जागेत भिंतींवरून परतलेली लहर वळसा घालून पोचते, म्हणून तिथे हे खपून जातं. उघड्या लॉन्सवर मागे भिंत नाही, वर छत नाही. शरीराची सावली थेट पडते आणि सिग्नल तुटतो. म्हणून सोपा नियम: ट्रान्समीटर जिकडे तोंड करून असेल तिकडे रिसीव्हर. जॅकमध्ये खोचलेलं डोंगल समोर बघतं, त्याला पायाशी ठेवलेला रिसीव्हर बरा. पाठीवरच्या पॅकला मागचा, अँपवर ठेवलेला बरा. एलईडी वॉलच्या मागे किंवा लोखंडी स्टँडच्या पोटात रिसीव्हर ठेवू नये.

बेसच्या आवाजाबद्दल. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झ, पाच तारांची बी ३१ हर्ट्झच्या आत. जुन्या अॅनालॉग सिस्टीममध्ये सिग्नल दाबून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा अशी कंपँडरची पद्धत होती. तिचा श्वास घेतल्यासारखा आवाज लांब बेस नोटवर कानाला कळतो. डिजिटलमध्ये ते नाही, म्हणून बेससाठी डिजिटलच घ्या असं मी ठामपणे सांगेन. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणाऱ्यांनी मात्र ट्रान्समीटरचा इनपुट किती जोर झेलतो ते बघावं. आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या अॅक्टिव्ह बेसचा फटका काही डोंगल्सना सोसत नाही आणि तिथेच फाटलेला आवाज पुढे ईक्यूने सुधारत नाही.

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसवाल्यांसाठी आणखी एक. सहा मीटर केबलमध्ये साधारण ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो आणि तो पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाची) वरची धार थोडी खातो. केबल गेली की तीच धार परत येते आणि तारांवरून बोट सरकल्याची करकर ठळक ऐकू येते. काहींना ते आवडतं. नको असेल, तर बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० या वायरलेसमध्ये केबलचा टोन आत घातलेला आहे. त्याच्याच डब्ल्यूएल-२०एल मध्ये तो नाही, म्हणून ते अॅक्टिव्ह पिकअपला योग्य. माझा बेस अॅक्टिव्ह आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न निकाली.

विलंबाची, म्हणजे वायरलेसमधून आवाज पोचायला लागणाऱ्या वेळाची, काळजी फारशी करू नका. डब्ल्यूएल-२० चा २.३ मिलिसेकंद, एक्सव्हाइव्ह यू२ या डोंगलचा ६ च्या आत. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ६ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून दोन मीटर मागे सरकून उभं राहणं. ढोलकीवाल्याबरोबर सम गाठायला त्याने अडत नाही. कानातला मॉनिटरही डिजिटल वायरलेस असेल तेव्हा मात्र बेरीज करून बघा.

बॅटरीवर मी हटून बसलोय. यू२ एका चार्जवर पाच तास चालतं. आमची वरात उशिरा आली की पाच तास तिथेच संपतात. शुअरचं जीएलएक्स-डी१६ प्लस २.४ आणि ५.८ दोन्हींवर चालतं, हस्तक्षेप आला तर स्वतः जागा बदलतं, पेडलमध्ये ट्यूनरही आहे. मनापासून आवडलं, पण बजेटबाहेर. म्हणून कौल बॉसच्या डब्ल्यूएल-६० कडे: डिस्प्लेवर ट्रान्समीटरची बॅटरी दिसते आणि ट्रान्समीटरमध्ये साधे एए सेल. ते रात्री अकरा वाजताही कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतात. पॅक पाठीवर येणार, म्हणून रिसीव्हर मागे अँपवर आणि माझा छोटा बोर्ड, म्हणजे ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि डीआय (मिक्सरला थेट सिग्नल देणारा डबा), त्याच्याच शेजारी.

एक गोष्ट अजून तपासायची आहे. अॅक्टिव्ह बेसचा प्रीअँप जॅकच्या मधल्या रिंगवरून चालू होतो आणि काही ट्रान्समीटर लावल्यावर मागे बारीक सूं ऐकू येते. दुकानाच्या गोंगाटात ती कळत नाही. विकत घेण्याआधी एक संध्याकाळ सेट रिहर्सल रूमवर आणून, ट्रेबल पूर्ण वर, हात तारांवरून काढून, हेडफोनवर ऐकणार आहे. दुकानदार तयार आहेत. सूं निघाली तर डब्ल्यूएल-६० बाद, आणि जीएलएक्स-डी१६ प्लससाठी हिवाळ्यातल्या कार्यक्रमांचे पैसे बाजूला टाकायला लागायचं.