नोंदवहीतला लाल शेरा

देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून अकोले तालुक्याची ओळख गावरान बियाण्यांशी जोडली गेली आहे. त्याच तालुक्यात आम्ही काही शेतकरी मिळून एक छोटी बियाणे पेढी चालवतो. पेरणीआधी एक किलो न्यावे आणि सुगीनंतर दोन किलो परत करावे, एवढाच नियम. नोंदवही माझ्याकडे असते.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मी काळभात या गावरान भाताच्या वाणाचे शंभर दाणे उगवण पाहण्यासाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. नवव्या दिवशी गोणपाट उलगडले, तर कोंब आलेले दाणे भरले अवघे ३१. प्रमाणित भातबियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. चूक माझीच होती. अवकाळी पावसाच्या धास्तीने अर्धवट वाळलेले भात मी घाईघाईत पत्र्याच्या पिंपात भरून झाकण घट्ट लावले होते. दाणा दाताखाली कडकन तुटतो की नाही, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

मृग आठवड्यावर आला होता आणि शिवारात राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेले वाफे, तयार होते. वही चाळली. काळभात नेलेल्या चार घरांपैकी तिघांनी बियाणे परत करून उरलेले खाऊन टाकले होते. चौथ्या नावापुढे मीच लाल शाईने लिहिलेले होते, ‘दोन हंगाम परत नाही.’ त्या घराला पुन्हा बियाणे देऊ नये, असे मी बैठकीत बोललोही होतो.

शेवटी मी त्याच घरी गेलो. तिथल्या आजींनी माझे सगळे ऐकून घेतले आणि माळ्यावरून एक मडके उतरवले. तोंडाचे शेणमातीचे लिंपण फोडले, वरची राख आणि निरगुडीचा पाला बाजूला केला. खाली काळसर टरफलाचा, एकसारखा, खडखडीत वाळलेला काळभात होता.

“तुमच्या बियाण्यात भेळ निघाली होती, दादा. मधीमधी तांबड्या कुसळाची झाडं. असलं दुप्पट करून तुम्हाला कसं द्यायचं?”

दोन हंगाम आजी उभ्या पिकातून परकी झाडे उपटत आणि निवडक लोंब्या वेगळ्या झोडत होत्या. भात स्वतःच्याच परागावर फळणारे पीक असल्याने शेतात सहसा संकर होत नाही. भेसळ होते ती खळ्यावर आणि पोत्यांत. म्हणजे ती आमच्याकडेच झाली होती, आणि वहीत मात्र थकबाकीदार त्या ठरल्या होत्या.

त्यांनी दोन किलोऐवजी चार किलो मोजून दिले. ते तीन घरांत वाटायचे आम्ही तिथेच ठरवले, कारण एका पिंपाचा भरवसा आता मलाच उरला नव्हता. उठताना त्यांनी वही मागितली. स्वतःला वाचता येत नाही म्हणून त्यांनी नातीला बोलावले, माझ्याकडून लाल शेरा खोडून घेतला आणि नातीने नवी नोंद वाचून दाखवल्यावरच पिशवी माझ्या हाती दिली.