परतीचे अंतर

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी जिममधली वीज गेली आणि मी ज्यावर धावत होतो तो ट्रेडमिलचा पट्टा हलकासा हिसका देऊन जागच्या जागी थांबला. समोरच्या पडद्यावरचा २.४ किलोमीटर हा आकडा अंधारात विझला आणि वीज परत आली तेव्हा तिथे शून्य होते. आपण कुठूनही निघालो नव्हतो आणि कुठेही पोहोचलो नव्हतो हे मला आधीही ठाऊक होतेच, पण त्या शून्याने त्याची लेखी पोच दिली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करायची हृदयाची तपासणी, करायला लावली, तेव्हापासून माझी या यंत्राशी ओळख. पुढच्या सहा महिन्यांत ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने सलग अर्धा तास धावण्यापर्यंत मी मजल मारली होती. म्हणजे चार किलोमीटर. नागपुरातल्या रविनगरच्या आमच्या घरापासून फुटाळा तलाव दीड-दोन किलोमीटरवर, तेव्हा जाऊन-येऊन हिशेब बरोबर बसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रस्त्यावर उतरलो.

पहिला किलोमीटर फार सुखाचा गेला. हवेत नुकताच आलेला गारवा होता, रस्ता रिकामा होता आणि आपण इतके चांगले धावतो हे इतके दिवस कोणी पाहिले कसे नाही, असेही मनात येऊन गेले. तो किलोमीटर मी सहा मिनिटांत संपवला, असे मोबाइलने नंतर सांगितले. ताशी आठच्या वेगाने त्याला साडेसात मिनिटे लागायला हवी होती; मी ताशी दहाने सुटलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सहा महिने वेग ठरवण्याचे काम बटणाकडे होते, त्यामुळे आठ म्हणजे किती हे माझ्या पायांना कधी कळलेच नव्हते. पुढचे अंतर मी अर्धे धावत, अर्धे फरफटत कापले आणि तलावाच्या कठड्यावर बसलो, तेव्हा माझ्या धापेने शेजारचे आजोबा थोडे बाजूला सरकले.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. जिममध्ये दम लागला की लाल बटण दाबायचे, टॉवेलने तोंड पुसायचे आणि दहा पावलांवरची गाडी काढायची. इथे मी दमलो होतो आणि घर मात्र तितकेच दूर राहिले होते. ज्या अंतराचा मला मघाशी अभिमान वाटत होता, तेच आता उलट बाजूने वसुलीला उभे होते. मी ऑटो केला. "काऊन भाऊ, पळत आले अन् बसून जाऊन राह्यले?" ऑटोवाल्याने आरशात पाहत विचारले, आणि माझ्याकडे उत्तरही नव्हते आणि पैसेही नव्हते. घरी पोहोचल्यावर पत्नी पैसे घेऊन खाली आली. शेजारचे काका तेव्हा नेमके दूध घ्यायला फाटकात उभे होते.

पट्टा पाय मागे ओढतो, म्हणून ट्रेडमिलवर निम्मे काम यंत्रच करते, अशी समजूत माझ्या जाणकार मित्रांनी करून दिली. ती काही खरी नाही. पट्टा एकसारख्या वेगाने फिरत असेल तर पायांचे काम रस्त्यावर असते तेवढेच असते. फरक पडतो तो हवेचा, कारण जागेवर धावणाऱ्याला हवा कापावी लागत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने ही तूट भरून काढायला पट्टा एक टक्का चढता ठेवावा असे सुचवले आणि तेव्हापासून तो एक टक्का जिमच्या बोलण्यात रुळला. मात्र हवेचा अडथळा वेगाबरोबर वाढतो आणि माझ्या वेगाला हवा विशेष दाद देत नाही. तेव्हा यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने काम पुरेपूर करून घेतले होते, फक्त ठरवण्याची सवय लावली नव्हती. यंत्राचे मूळच तसे आहे म्हणा. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे मोठे चाक आणले आणि काही तुरुंगांत त्यावर धान्यही दळले जाई; ट्रेडमिलमधली मिल ही खरोखरची गिरणी. त्या कैद्यालाही वेग ठरवायचा नव्हता आणि चढलेल्या पायऱ्या परत उतरायच्या नव्हत्या.

उतरणे हे प्रकरण मला रस्त्यानेच शिकवले. झिरो माइलच्या स्तंभापाशी आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असतो आणि सारे शहर त्याच उंचीवर ताटासारखे पसरलेले आहे, असे स्कूटरवरून फिरणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला वाटते. फुटाळ्याकडून वायुसेनानगरच्या अंगाने सेमिनरी हिल्सकडे धावत गेले की तो समज पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो. चढावर दम लागतो, पण तो तिथल्या तिथे चुकता होतो. उताराची उधारी वेगळी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार धरून ठेवतात, म्हणून त्या दिवशी काही जाणवत नाही आणि तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या कठडा धरून, नव्या नवरीसारख्या जपून उतराव्या लागतात. जिममधला आमचा पट्टा फक्त वर उचलला जात असे, खाली झुकण्याची सोय त्याला नव्हती. त्यातून आपल्याकडे जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते. त्यांचा कडकपणा नडगीला आठवडाभर आठवत होता, तेव्हापासून मी जमेल तिथे कडेच्या मातीवरून धावतो आणि उखडलेल्या गट्टूंवर नजर ठेवतो. कुत्र्यांविषयी लिहीत नाही. त्यांच्यापुढे मी चालतो, आणि तेही फार नम्रपणे.

वेग ओळखायला मात्र वेळ लागला. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, असा नवशिक्यांसाठी एक साधा नियम आहे. एकट्याने रस्त्यात बोलत जाणे बरे दिसत नाही, म्हणून मी पाढे म्हणू लागलो. ओठांतल्या ओठांत एकोणतीसचा पाढा न अडखळता झाला तर वेग ठीक, नाही तर कमी करायचा. सेमिनरी हिल्सच्या चढावर मी अजूनही दोनशे तीनपाशी अडतो. त्यात छातीचा दोष किती आणि चौथीतल्या गुरुजींचा किती, हे सांगणे कठीण आहे.

त्या पहिल्या दिवसापासून ट्रॅक पँटच्या चोरखिशात पन्नासची एक नोट घडी करून ठेवलेली असते. अंथरुणातून उठताना जेव्हा पाय नकार देतात, तेव्हा ती नोट आहे या भरवशावर मी निघतो. गेल्या सात आठवड्यांत ती एकदाही बाहेर निघाली नाही. घामाने भिजून आणि वाळून तिचा पापड झाला होता. गेल्या रविवारी मी तलावापर्यंत आणि परत असा पूर्ण धावलो, एकदाही न थांबता, आणि त्या आनंदात घराजवळच्या ठेल्यावर ती नोट तर्री पोह्यांत उडवली. पोहेवाल्याने ती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि गल्ल्यात टाकली.

सोमवारी खिसा रिकामा असल्याचे मला फुटाळ्याच्या कठड्यावर बसल्यावर आठवले.