हिरवा चाफा फुलत का नाही?

संध्याकाळी आमच्या परसात आलेला माणूस आधी थबकतो, मग वासाच्या मागावर झुडपाभोवती एक फेरी मारतो. हिरवा चाफा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न बहुतेकदा हाच: "आमच्याकडेही लावलाय, पानं भरपूर आहेत, पण फुलत का नाही हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी मीच विचारते, आकडे कापता का?

फांद्यांवरचे ते वाकडे, टणक आकडे पदराला अडकतात, हातांवर ओरखडे काढतात. छाटणी करताना कात्री पहिली तिथेच जाते. मीही दोन वर्षं तेच केलं. पण तो आकडा म्हणजे काटा नव्हे, तो फुलांचा दांडा आहे. तोच वाकून कडक होतो, शेजारच्या फांदीला धरून झुडपाला वर चढवतो आणि कळीही त्याच्यावरच धरते. आकडे गेले की फुलं गेली. म्हणून आता मी फक्त वाळकं काढते, बाकी त्याला मोकळं सोडते. ते पसरतं, जागा मागतं. ती द्यायची तयारी नसेल तर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावलीची काळजी नको. हे झुडूप मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या जंगलांतलं, मोठ्या झाडांच्या आधारानं चढणारं. आमच्याकडे अकरापर्यंत ऊन, मग आंब्याची सावली. आळ्यात पालापाचोळा, पावसाआधी शेणखत, बस्स. पाणी मात्र साचू देत नाही. पानं बाराही महिने हिरवीगार.

नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी याचं नातं नाही, हा सीताफळ-रामफळाच्या कुळातला. कदाचित म्हणूनच फूलही फळासारखं पिकतं. सहा जाड पाकळ्या आधी पानाच्याच रंगाच्या असतात, तेव्हा वास जवळजवळ नसतोच. मग हळूहळू पिवळेपणा चढतो आणि पिकल्या फळाचा गोड दरवळ सुटतो. तो लहान भुंगेऱ्यांसाठी असतो. आतल्या तीन पाकळ्या मिटल्यासारख्या असतात, ते भुंगेरे त्यांच्या आत शिरतात.

माझी आई असं एक पिवळं फूल साड्यांच्या घडीत ठेवायची. मीही ठेवते. तुम्हाला हवं असेल तर रंगावरून शोधू नका. पानं हातानं वर उचला, ते खाली मान घालून लोंबत असतं.